उपासाच्या सहा बाटल्या

लवू चिंदरकराचा हात कधी थरथरला नाही. एवढीच त्याची दौलत. कसालला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याने अकरा वर्षं बाटल्या धुतल्या, औषधं कालवली, थेंब मोजून दिले. दहा म्हणजे दहाच. अकरावा थेंब नळीच्या टोकाला लोंबकळत राहील, पण पडायचा नाही, अशी त्याची ख्याती. शाळा चौथीपर्यंत झालेली, अक्षर मात्र तलाठ्याला लाजवील असं.

डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि सत्तावन्न साली लवू मालवणात आला. देवबागच्या वाटेवर भाड्याच्या एका कौलारू घरात समुद्रातल्या शेवाळांचा अभ्यास करणारं छोटंसं केंद्र निघालं होतं. तिथे त्याला प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून घेतलं. 'मदतनीस' हा शब्द त्याला भारी आवडायचा. काम बाटल्या धुण्याचंच, पण तसं कुणी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

घरात बायको सुगंधा आणि आई हौसाबाई. हौसाबाईचं काय सांगावं! सत्तरी उलटलेली बाई, आणि उपास किती? कुणकेश्वराचा सोमवार, दोन्ही एकादशा, वर नवसाचे निराळे. त्यातले काही निर्जळी. दुपार झाली की म्हातारी डोळे फिरवून भिंतीला टेकायची. मग लवू पितळेच्या भांड्यात दूध घेऊन जायचा.

"आये, ह्यां घे."

"नको रे, माजो उपास आसा."

"दूध नाय गो, औषध आसा. डॉक्टरान सांगल्यान."

"औषध? मगे चलतलां," म्हणून म्हातारी भांडं रिकामं करायची. देवही रागावला नाही आणि आईही मेली नाही. लवूला या कामात आपण काही वावगं करतो असं कधी वाटलं नाही. उलट मनातून जरा बरंच वाटायचं. तिथूनच त्याला ती खोड लागली, कुणाला कळू न देता दया करायची. खोड वाईट दिसत नाही, हीच तिची गोम.

साठ साली केंद्रात सरलाबाई आल्या. सरला करमरकर. मुंबईच्या कॉलेजातून शिकून आलेल्या, तिशीच्या, चष्मेवाल्या आणि बोलायला फटकळ. नेमणूक समुद्री शेवाळांवर होती, पण त्यांचा खरा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. येताना त्यांनी एका काचनळीत, कापसाचा बोळा लावून, फिकट हिरव्या पाण्याचा एक थेंब आणला होता आणि सगळा प्रवास तो ब्लाउजच्या आत धरून केला होता, म्हणजे एस.टी.च्या धक्क्यांनी फुटू नये.

"हे काय आसा— आहे, बाई?" लवूने विचारलं. बाईंशी बोलताना तो पुस्तकी मराठी बोलायचा. घाई झाली की घसरायचा.

बाईंना शिकवायची हौस दांडगी. त्यांनी त्याला समोर बसवलं. हे शेवाळच, पण एकेक जीव डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान. भाताच्या कुणग्यात, म्हणजे खाचरात, पाणी साचलं की जे हिरवट दिसतं, त्यातलाच हा. प्रत्येकाच्या पोटात एक हिरवा कारखाना असतो. ऊन, हवा आणि पाणी यांवर तो चालतो आणि जीव आपलं अन्न आपणच करतो. त्या कारखान्याचे भाग प्रथिनांचे. कुठला भाग कसा घडवायचा, त्याचा नमुना पेशीत लिहिलेला असतो आणि आईकडून लेकीकडे जातो. मुंबईला बाईंनी या जिवांवर एक जहाल दिवा धरला. लाखो मेले. जगले त्यांतल्या एकाच्या नमुन्यात चूक झाली. उत्परिवर्तन म्हणतात त्याला. एक प्रथिन घडायचंच बंद झालं, कारखाना ठप्प. आता कितीही ऊन द्या, त्याचं पोट भरत नाही. बाहेरून ॲसिटेट घालावं लागतं, तेवढ्यावर तो जगतो आणि त्याची पुढची पिढीही तशीच निपजते.

"म्हणजे पांगळो," लवू म्हणाला.

बाई खळखळून हसल्या. "अगदी बरोबर. पांगळाच!" त्या दिवसापासून त्या जातीचं नाव 'पांगळा' पडलं आणि ॲसिटेटचं 'जेवण'. वहीतसुद्धा लवू तसंच लिहायचा. बाई त्याला लवूभाऊ म्हणू लागल्या. कसालच्या डॉक्टरांनी अकरा वर्षांत त्याला 'अरे' याखेरीज हाक मारली नव्हती.

बाईंना शोधायचं होतं ते एवढंच: मोडलेला नमुना कधी आपोआप सुधारतो का? लाखो पेशींत एखादीने तरी ती चूक दुरुस्त केली, तर ती जेवणावाचून नुसत्या उन्हावर वाढेल आणि पाणी हिरवं होईल. तसं झालं, तर ते कारखान्याचं प्रथिन नेमकं कुठे बिघडलं होतं, याचा माग काढता येईल. एकसष्टच्या मार्चमध्ये त्यांनी सहा बाटल्या लावल्या. पाणी, क्षार, सगळं घातलं, फक्त जेवण नाही. त्यात पांगळा सोडला आणि बाटल्या पूर्वेच्या खिडकीत ठेवल्या. शेजारी धडधाकट शेवाळाच्या दोन बाटल्या, तुलनेसाठी.

"लवूभाऊ, मी पंधरा दिवस मुंबईला चालले आहे. ह्या सहांना उपास. कडक. रोज बघायचं, हलवायचं आणि वहीत रंग लिहायचा."

"होय बाई. उपास."

आता हा शब्दच घात करणारा निघाला, त्याला कोण काय करणार! बाई शिकल्या-सवरल्या, त्यांच्या लेखी उपास म्हणजे काही नाही. लवूच्या घरात उपास म्हणजे भात नाही, माशाचं नाव नाही, पण रताळं, केळं, दूध चालतं. काहीच न खाणं हा उपास नव्हे, तो हट्ट. आणि हट्टी माणसाला काय करायचं ते त्याला ठाऊक होतं.

आठ दिवस त्याने कळ काढली. शेजारच्या दोन बाटल्या पोपटी, मग गर्द हिरव्या झाल्या. ह्या सहा आपल्या पांढऱ्याफटक. रोज सकाळी बाटली हलवायची आणि वहीत लिहायचं, 'रंग नाही.' नवव्या दिवशी त्याचा जीव कळवळला. पांगळा झाला म्हणून काय, जीव नाही? जेवण नको देऊया, पण फराळाला काय हरकत आहे? त्याने स्पिरिटचा दिवा पेटवला, बोळा काढला, बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवलं, सगळं बाईंनी शिकवल्यासारखं सोवळ्यात केलं, आणि ॲसिटेटचे दोन-दोन थेंब घातले. सहाच्या सहा बाटल्यांना, समसमान. पंगतीत वाढताना भेद करायचा नसतो. वहीत लिहिलं नाही. फराळ कोण लिहितो?

बाई परत आल्या त्या थेट बस-स्टँडवरून केंद्रात. ट्रंक दारातच टाकली, खिडकीकडे गेल्या आणि मटकन खाली जमिनीवर बसल्या. सहाही बाटल्यांत पाणी हिरवटलं होतं. थोडंसंच, पण हिरवं.

"लवूभाऊ! ह्यांना जेवण नव्हतं ना दिलंत?"

"नाही बाई," लवू म्हणाला. आणि तेव्हा, शपथेवर सांगतो, तो खोटं बोलला नव्हता. जेवण त्याने दिलं नव्हतंच.

बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या. अशी फटकळ बाई, पण पोरीसारखी दोन्ही हातांनी बाटली उन्हात धरून बसली. मग दुपारी फळ्यावर चित्र काढून त्यांनी त्याला समजावलं. बघा, बाहेरून काहीच मिळालं नाही, तरी हा वाढला. म्हणजे नमुना दुरुस्त झाला! प्रथिन पुन्हा घडायला लागलं!

लवूच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. आत्ता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण वाढलं म्हणून तो वाढला. कारखाना तसाच बंद आहे. आपल्या दोन थेंबांवर बाईंनी एवढा इमला उभा केला.

सांगायचं होतं तर तेव्हाच. तोंड उघडलं असतं तर बाई चार शिव्या देत्या, बाटल्या ओतून टाकत्या, पुन्हा नव्या लावत्या. एका पंधरवड्याचं नुकसान. पण बाई त्याच क्षणी म्हणाल्या, "तुमचा हात लागला म्हणून झालं हे, लवूभाऊ. दुसऱ्या कुणी सगळं नासवलं असतं." आणि ह्या गड्याच्या घशाशी आलेले शब्द परत पोटात गेले. दुसऱ्या कुणी नासवलं असतं! ऐकता ऐकता त्याचे कान तापले, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "चहा करू काय बाई?"

बाई काही एकदा बघून समाधान मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्या पेशी तीन पाण्यांनी धुतल्या आणि पुन्हा सहा बाटल्या लावल्या. मग भरती-ओहोटीच्या हिशोबाने खडकांवरची शेवाळं गोळा करायला आठवडाभर कुणकेश्वराला गेल्या. बाटल्या लवूच्या ताब्यात.

हे दिवस त्याने कसे काढले, ते त्यालाच माहीत. सकाळी यायचं, बाटली उचलायची. रंग नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी, रंग नाही. येणारच नव्हता. घरी ताटावर बसून तो भात चिवडायचा.

"काय झाला तुमका? जेवणात लक्ष नाय," सुगंधाने विचारलं. आणि त्याने तिला सांगितलं, थोडक्यात, भिंतीकडे बघत.

"मगे सांगान टाका. बाई काय तुमका खावची नाय."

"तुका काय कळता त्यातला?" तो तिच्यावरच उखडला. तिला सगळं कळलं होतं, म्हणून तर तो उखडला.

गावच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालावं असंही मनात आलं. पण देवासमोर गाऱ्हाणं मोठ्यांदा घालतात, चार माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिथे काय सांगणार? बा देवा म्हाराजा, शेवाळाचं प्रथिन दुरुस्त कर? लोक हसून मेले असते. नुसतं मनात म्हणून तो परतला. देवाने काही ऐकलं नाही.

सातव्या दिवशी बाईंचा निरोप आला, उद्या येते. लवूने दिवा पेटवला. या वेळी दया नव्हती, फराळ नव्हता, काही नव्हतं. बाई दारातून आत येतील, खिडकीकडे बघतील आणि त्यांचं तोंड उतरेल, तेवढं त्याला बघवणार नव्हतं. खरं सांगायचं तर आपलं उतरलेलं तोंड बाईंनी बघितलेलंही त्याला नको होतं. दोन थेंबांनी एका दिवसात रंग येणार नाही म्हणून त्याने सहा-सहा घातले, बाटल्या कपाटामागच्या उबेला ठेवल्या आणि रंग दिसायला लागल्यावर खिडकीत मांडल्या. बाईंना यायला दोन दिवस उशीर झाला, तेही त्याच्या पथ्यावर पडलं. हात तेव्हाही थरथरला नाही. या गोष्टीची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

बाईंनी लेख लिहिला. मद्रासला शास्त्रज्ञांची परिषद भरणार होती, तिथे तो वाचायचा. केंद्रात बाई टंकलेखन यंत्र घेऊन टकटक करायच्या आणि लवू बाहेर बाटल्या धूत बसायचा. एक दिवस त्यांनी त्याला बोलावून शेवटचा कागद दाखवला. आभाराच्या ओळीत इंग्रजीत त्याचं नाव होतं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून बाईंनीच बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि प्रामाणिकपणा असा एक शब्द त्याच्यामागे आहे, हेही सांगितलं. लवूने मान डोलावली. त्याला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण मालवणची जमीन वाळूची, ती कुठली दुभंगायला!

मद्रासच्या आधी मुंबईला जायचं ठरलं. बाईंचे जुने प्राध्यापक म्हणाले होते, त्या पेशी घेऊन ये, माझ्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर लाव, मग मी लेखावर सही करतो. बाई नळ्या घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "येताना पेढे आणते."

वीस दिवस. लवूने आपलं काम केलं, फरशा पुसल्या, रिकाम्या बाटल्या पुन्हा पुन्हा धुतल्या. एक कार्ड लिहून टाकलं तर अजूनही वेळ आहे, हे त्याला रोज सुचायचं. कार्ड आणलंही होतं. त्यावर 'सौ. सरलाबाई यांस' एवढं लिहिलं आणि मग लक्षात आलं की बाई सौभाग्यवती नाहीत, अविवाहित आहेत. कार्ड खराब झालं. तेवढं निमित्त त्याला पुरलं.

बाई परत आल्या त्या दुपारी. पेढे नव्हते. नळ्यांची पेटी त्यांनी मेजावर ठेवली, चष्मा काढला आणि पदराने काचा पुसत बसल्या.

"उगवलं नाही," त्या म्हणाल्या. "एकाही बाटलीत नाही. अठरा दिवस बघितलं. मद्रासचं रद्द केलं मी. चूक माझीच आहे कुठेतरी. धुताना जेवण मागे राहिलं असेल. सहाच्या सहा बाटल्या एकदम सुधारणं शक्य नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही."

लवू दाराशी उभा होता. बोलायला लागला तेव्हा पुस्तकी मराठी त्याला सापडेना.

"बाई, तुमची चूक नाय. मियां घातलंय. पयल्या येळाक फराळ म्हणान दोन-दोन थेंब. मगे दुसऱ्या येळाक सा-सा. माका मारा, काय व्हया ता करा."

बोलून झाल्यावर त्याला क्षणभर हलकं वाटलं. इतके महिने छातीवर होतं ते उतरलं. आता बाई ओरडतील, हाकलतील, होऊ दे. तो त्यासाठी तयार झाला. मेल्याला एवढंही कळेना की आपलं हलकं झालं म्हणजे दुसऱ्याचं झालं असं नाही.

बाई ओरडल्या नाहीत. चष्मा हातातच राहिला.

"मला सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्राध्यापक होते, सात-आठ विद्यार्थी होते. विचारलं, तुमचा तो मदतनीस बाटल्यांत काही घालत नाही ना? मी केवढी संतापले. म्हटलं, तुम्ही मुंबईवाले गावच्या माणसाला चोरच समजता. म्हटलं, माझ्यावर संशय घ्या, पण त्या माणसावर नको. मी त्यांना माफी मागायला लावली, चिंदरकर. माझ्या गुरूंना. त्यांनी मागितली."

लवूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाकलून दिलं असतं तर तो गेला असता. आपल्यावर संशय घेतला म्हणून कुणी एका म्हाताऱ्या गुरूला माफी मागायला लावली असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग बाईंनी कागद पुढे ओढला, दौत उघडली.

"बसा. त्यांना कळवायला हवं. तुम्ही सांगा, मी लिहिते. जे झालं तेच सांगा, जास्त नाही आणि कमी नाही."

लवू स्टुलाच्या कडेवर बसला. तारखा सांगितल्या. थेंब सांगितले. बाई लिहीत होत्या, मध्ये विचारत होत्या, कुठल्या नळीने, बोळा किती वेळ काढला. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. शिकवताना असायचा तो आवाज तर नव्हताच.

"पहिल्या वेळी अज्ञानाने," असं लिहून त्या थांबल्या. टाक वर धरला. "आणि दुसऱ्या वेळी?"

भीतीने, असं म्हटलं असतं तर त्यांनी तेही लिहिलं असतं. नोकरी जाईल म्हणून, असंही चाललं असतं. प्राध्यापकांनी ते वाचून मान हलवली असती, गरीब माणूस आहे, म्हणाले असते. लवूला हे सगळं दिसत होतं. बाई वाट बघत होत्या.

"दुसऱ्या येळाक माका म्हायत होतां, बाई."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. वाक्य त्यांनी होतं तसं लिहिलं, मालवणीतच, एक अक्षर न बदलता. शाईवर टीपकागद दाबला आणि कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला. लवूने बोट ओळीखालून नेत ते सावकाश वाचलं, शेवटपर्यंत.

"बरोबर आसा," तो म्हणाला.